ऑस्करची यादी बाजूला ठेव

अरे, पुरस्कारांची यादी घेऊन सिनेमे बघायला बसू नकोस. 'सिंगिंग इन द रेन'ला (१९५२) ऑस्करची दोन नामांकनं होती, हाती आला भोपळा. आज म्युझिकल म्हटलं की आधी तोच आठवतो! रॉमकॉमना, म्हणजे हलक्याफुलक्या प्रेमकथांनाही ऑस्करवाले फारसं विचारत नाहीत. १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ने मात्र चित्रपट, दिग्दर्शन, नायक, नायिका, पटकथा असे पाचही मोठे पुरस्कार नेले. एका खोलीत दोघं, मध्ये दोरीवर टाकलेलं ब्लँकेट. सगळी गंमत त्या ब्लँकेटची. सुरुवात तिथून कर.

म्युझिकलमधली गाणी पळवू नकोस, गोष्ट त्यातूनच पुढे सरकते. कंटाळा येत असेल तर आधी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला एखादं संगीत नाटक बघून ये, कान तयार होतील. आणि हो, डब केलेलं नको, सबटायटल लाव.