सिव्हिल थ्रीडीतलं डिझाइन ओपनरोड्समध्ये नेताना काय पोचतं आणि काय मागे राहतं

तुमचा प्रश्न मला असा समजला. सांगलीजवळचा कृष्णाकाठचा १२ किलोमीटरचा, बऱ्यापैकी सरळ रस्ता आहे. सर्व्हे टोटल स्टेशनने (जमिनीवर कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) झाला आणि डिझाइन तुम्ही सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये केलं. मुख्य सल्लागार ओपनरोड्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतात, म्हणून तुम्ही त्यांना लँडएक्सएमएल फाइल (दोन सॉफ्टवेअरमध्ये डिझाइनची देवाणघेवाण करायचा फाइल प्रकार) काढून दिली. तिकडून तीन तक्रारी आल्या. कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याचं पूर्ण थ्रीडी मॉडेल, आलाच नाही. भरावाचं परिमाण सात टक्क्यांनी वेगळं येतंय. त्यांच्या ड्रोन सर्व्हेवर तुमची अलाइनमेंट (रस्त्याची मधली रेषा) ठेवली की ती सुरुवातीला जुळते, पण शेवटी साडेपाच मीटर पुढे जाते. एक्सपोर्टचं कुठलं सेटिंग बदलू, असं तुम्ही विचारलंय.

सेटिंग बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही फाइल काढण्याच्या आधीची आहेत. दोन कार्यालयांनी कोऑर्डिनेट, जमिनीचं मॉडेल आणि डिझाइनची मालकी यांबद्दल काही ठरवलेलंच दिसत नाही. ते ठरलं असेल तर लँडएक्सएमएल आपलं काम चोख करतं.

साडेपाच मीटरचं आधी घेतो, कारण तिन्हींत तेच सगळ्यात घातक आहे. दर किलोमीटरला दोन्ही अलाइनमेंटमधला फरक मोजून लिहा. फरक शून्यापासून सुरू होऊन एकसारखा वाढत गेला तर दोष स्केलचा. सगळीकडे सारखाच असेल तर मूळ बिंदू किंवा डेटम (मोजणीचा संदर्भ) चुकलाय. एका ठिकाणापर्यंत सगळं नीट आणि तिथून अचानक उडी असेल तर चैनेज इक्वेशन (चैनेज, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराचा आकडा, जिथे मधेच बदलतो ती जोड) किंवा एखादं वळण तपासा. तुमच्याकडे फरक किलोमीटरला साधारण ४५ सेंटिमीटरने वाढताना दिसेल असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे.

आपला भाग यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या झोन ४३ मध्ये येतो. या झोनची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे आणि त्या रेषेवर स्केल फॅक्टर (ग्रिडवरचं अंतर भागिले प्रत्यक्ष अंतर) ०.९९९६ असतो. सांगली त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे ४६ किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथे तो किंचित वाढून ०.९९९६३ च्या आसपास जातो. त्यात साडेपाचशे मीटर उंचीचा परिणाम धरला की एकत्रित फॅक्टर ०.९९९५४ च्या जवळ येतो. म्हणजे टोटल स्टेशनने जमिनीवर मोजलेले १००० मीटर यूटीएमच्या ग्रिडवर ९९९.५४ मीटर भरतात. बारा किलोमीटरला साडेपाच मीटरचा फरक इथूनच येतो. तुमचं मोजमाप जमिनीवरचं आहे, त्यांचा ड्रोन सर्व्हे ग्रिडवरचा आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. साताऱ्यात, जिथे मी काम करतो, हाच फरक किलोमीटरला ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, कारण सातारा मध्यरेषेपासून बराच लांब आहे.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला, सगळं काम यूटीएम ग्रिडवर करायचं आणि साइटवर टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर भरूनच आखणी करायची. दुसरा, प्रकल्पाच्या मध्याजवळचा एक कंट्रोल पॉइंट धरून सगळे कोऑर्डिनेट जमिनीच्या मापावर आणायचे. मी रस्त्याच्या कामाला दुसरा निवडतो, कारण कंत्राटदाराचा सर्व्हेअर यंत्रात फॅक्टर भरायला विसरला की पुलाचे अबटमेंट (टोकाचे आधार) सरकतात. मात्र हा मार्ग घेतलात तर कोऑर्डिनेट यूटीएमसारखे दिसू देऊ नका. सांगलीत नॉर्दिंग (उत्तरेकडचा आकडा) साधारण १८ लाख ६० हजारांच्या घरात आणि ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) साडेचार लाखांच्या घरात येतं. त्यातून एक ठरावीक गोल आकडा वजा करा, म्हणजे कुणी ते चुकून थेट यूटीएम म्हणून वापरणार नाही. वजा केलेला आकडा, फॅक्टर आणि मूळ बिंदू हे तिन्ही लेखी द्या. लँडएक्सएमएलमध्ये कोऑर्डिनेट सिस्टिम लिहायला जागा असते, पण ती रिकामी असली तरी फाइल बिनबोभाट उघडते. यूटीएमवरच राहणार असाल तर ईपीएसजी ३२६४३ हा त्या कोऑर्डिनेट सिस्टिमचा क्रमांक स्पष्ट लिहा. आपला झोन ४३ असला तरी नागपूरचा ४४ आहे, त्यामुळे झोन गृहीत धरू नये.

उंचीचंही विचारून घ्या. ड्रोनच्या कामात उपग्रहावरून मिळणारी उंची मुळात एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीवरच्या पातळीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी दिसते. एवढा फरक कुणाच्याही नजरेत येतो, पण जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटीच्या पृष्ठाचं मॉडेल) वेगवेगळं वापरल्याने पडणारा काही सेंटिमीटरचा फरक नजरेत येत नाही आणि भरावात मात्र पैसे खातो. दोघांनी एकाच जीटीएस बेंचमार्कवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम पातळीखुणेवरून) आणलेल्या टीबीएमवर (तात्पुरत्या पातळीखुणेवर) पातळ्या बांधून घ्या. तुमचा रस्ता नदीकाठचा आहे म्हणून आणखी एक सांगतो. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आपल्याकडे फुटांत बोलली जाते. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. हा आकडा तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा आहे. पूरपातळी म्हणून तो मीटरमध्ये बदलून थेट मोऱ्यांच्या डिझाइनमध्ये कुणी भरू नये. मोजपट्टीच्या शून्याची आरएल (समुद्रसपाटीपासूनची पातळी) आधी मिळवावी लागते, आणि पुलापासून तुमच्या मोरीपर्यंतचा नदीचा उतारही धरावा लागतो.

आता भरावाच्या सात टक्क्यांकडे येऊ. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असण्याची शक्यता आहे.

पहिली म्हणजे जमिनीचा सरफेस. लँडएक्सएमएलमध्ये तो दोन रूपांत लिहिता येतो. एका भागात मूळ सामग्री, म्हणजे बिंदू, ब्रेकलाइन (जिथे जमिनीचा उतार बदलतो ती रेषा) आणि सीमा. दुसऱ्यात तयार त्रिकोणजाळी, म्हणजे कुठले तीन बिंदू जोडून कुठला त्रिकोण झाला ते. समोरच्याने नुसते बिंदू घेऊन नव्याने त्रिकोण पाडले तर सरफेस बदलतो. कृष्णाकाठच्या उसाच्या शेतांत बांध, पाट आणि ओढे इतके आहेत की ब्रेकलाइन हरवली की त्रिकोण पाटाच्या एका काठावरून थेट पलीकडच्या काठावर जातात आणि पाट बुजून जातो. सीमा हरवली तर कडेला लांबलचक त्रिकोण तयार होतात आणि सर्व्हे न केलेली जमीनही हिशोबात येते. म्हणून आयात करताना त्रिकोणजाळी आहे तशीच घ्यायला सांगा. काही त्रिकोण फाइलमध्ये अदृश्य म्हणून खुणावलेले असतात, तेही समोरचं सॉफ्टवेअर पाळतंय का ते बघा. मग दोन्हीकडे त्रिकोणांची संख्या, सपाट क्षेत्रफळ, सर्वांत खालची आणि सर्वांत वरची पातळी ताडून बघा. हे आकडे जुळले तर सरफेस पोचला. पडद्यावर कंटूर सारखे दिसतात एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. तुम्ही क्रॉस सेक्शन काढून दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली असेल आणि त्यांनी दोन सरफेसमधलं घनफळ थेट काढलं असेल तर उत्तरं वेगळीच येणार. सेक्शन दर वीस मीटरला असतील आणि मधे ओढा असेल तर फरक आणखी वाढतो. तुमच्या करारात मोजणीची जी पद्धत लिहिली असेल तीच दोघांनी वापरून आकडा पुन्हा काढा. सरफेस जुळल्यावर आणि पद्धत एक केल्यावर सात टक्क्यांतलं बहुतेक नाहीसं होईल अशी माझी अपेक्षा आहे. तरीही काही उरलं तर ते डिझाइनमधलं असेल, आणि ते शोधायलाच हवं.

आता कॉरिडॉर. तो आला नाही, कारण तो लँडएक्सएमएलमधून जातच नाही. सिव्हिल थ्रीडीचा कॉरिडॉर सबअसेंब्लींनी (छेदाच्या तयार तुकड्यांनी) बनतो आणि ओपनरोड्सचा टेम्प्लेट (छेदाचा नमुना), त्यातले बिंदू आणि त्यांच्यावरच्या बंधनांनी. उतार कुठे बदलायचा, कटिंग किती उंच झाल्यावर बर्म (उतारातली सपाट पायरी) द्यायची, गटार कुठे सुरू करायचं, हे नियम त्या त्या सॉफ्टवेअरच्या आत राहतात. अलाइनमेंट, प्रोफाइल, सरफेस, पाइप नेटवर्क आणि क्रॉस सेक्शन जातात. नियम जात नाहीत. त्यामुळे मुख्य सल्लागाराला नेमकं काय हवंय ते स्पष्ट विचारा. त्यांना तुमचं डिझाइन फक्त बघून आपल्या मॉडेलमध्ये बसवायचं असेल तर कॉरिडॉरचे वरचे आणि फॉर्मेशनचे (रस्त्याच्या थरांखालच्या तयार मातीचे) सरफेस, सोबत कडा आणि टो लाइन (भरावाचा पायथा) यांच्या थ्रीडी रेषा पुरतात. थ्रीडी पॉलिलाइनमध्ये वळण गोल राहत नाही, छोट्या सरळ तुकड्यांत मोडतं. म्हणून काढताना वळणांवर बिंदू जवळजवळ ठेवा आणि आखणी कधीही त्या रेषेवरून करू नका. आखणी अलाइनमेंटवरूनच.

आणि त्यांना डिझाइन पुढे बदलायचं असेल तर त्यांनी टेम्प्लेट नव्याने बांधावा. ऐकायला वाईट वाटतं, पण सांगलीच्या सपाटीवरच्या बारा किलोमीटरला दोन-तीन नमुना छेदांपेक्षा जास्त लागत नाहीत. नमुना छेदाचं मापांसह रेखाचित्र, कुठल्या चैनेजपासून कुठल्या चैनेजपर्यंत कुठला छेद हे सांगणारा तक्ता आणि बाजूच्या उतारांचे नियम शब्दांत लिहून द्या. त्यांनी बांधलेला कॉरिडॉर तुमच्या वरच्या सरफेसवर ठेवून फरकाचा नकाशा काढा. जिथे दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसेल तिथे नियम समजण्यात घोळ झालेला असतो. हे करण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, कारण यातून दोन्ही बाजूंचे दोष सापडतात. घाटातल्या कामात छेद जवळजवळ दर शंभर मीटरला बदलतो, तिथे मात्र मी सुरुवातीलाच आग्रह धरतो की कॉरिडॉर एकाच कार्यालयाने बनवायचा आणि दुसऱ्याने फक्त तपासायचा.

सुपरएलिव्हेशनसाठी, म्हणजे वळणावरच्या आडव्या उतारासाठी, फाइलच्या भरवशावर राहू नका. चैनेज, डावा उतार, उजवा उतार असा साधा सीएसव्ही तक्ता द्या. चिन्हांचा संकेतही लिहा, म्हणजे बाहेरच्या बाजूला खाली जाणारा उतार ऋण की धन.

अलाइनमेंटमध्ये सरळ भाग, वर्तुळखंड आणि स्पायरल (सरळ भागातून वळणात नेणारा तुकडा) हे घटक म्हणून जातात. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) संकेतानुसार आपण या ट्रान्झिशनला क्लोथॉइड हा वक्र वापरतो, पण फाइलमध्ये स्पायरलचा प्रकार लिहावा लागतो आणि क्यूबिक वगैरे दुसरे प्रकारही त्यात असतात. म्हणून प्रत्येक वळणाच्या चारही मुख्य बिंदूंचे कोऑर्डिनेट दोन्हीकडे काढून मिळवा. फरक एक मिलिमीटरच्या आत हवा. घटक जसेच्या तसे पोचले तरी त्यांच्यातलं नातं कित्येकदा सुटतं. त्यामुळे त्यांनी पीआय (दोन सरळ भाग जिथे छेदतात तो बिंदू) थोडा हलवला तर स्पायरल सोबत हलेल याची खात्री धरू नका. चैनेज इक्वेशन शक्य असेल तर टाळा. डिझाइन सलग चैनेजवर ठेवा आणि जुन्या किलोमीटर दगडांशी मेळ घालणारा तक्ता वेगळा द्या. फाइल उघडून स्वतः काही वाचणार असाल किंवा छोटा प्रोग्रॅम लिहिणार असाल तर ध्यानात ठेवा, लँडएक्सएमएलमध्ये बिंदूचं नॉर्दिंग आधी आणि ईस्टिंग नंतर येतं.

काही जण सुचवतात की सरळ डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) देऊन टाका. रेखाचित्र म्हणून जरूर द्या, पण सिव्हिल थ्रीडीची मूळ फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा साध्या ऑटोकॅडमध्ये उघडली की सरफेस आणि अलाइनमेंट प्रॉक्सी (नुसती चित्ररूप प्रतिकृती) म्हणून दिसतात, कधी दिसतही नाहीत. आधी एक्सपोर्ट टू ऑटोकॅड करून मग पाठवा. त्यातून डिझाइन मात्र पोचत नाही, फक्त रेषा पोचतात.

आयएफसी या बांधकाम-मॉडेलच्या खुल्या फाइल प्रकाराबद्दलही काही जण विचारतात. आयएफसी ४.३ मध्ये अलाइनमेंट, रस्ते आणि पूल यांची सोय झाली आणि २०२४ मध्ये ते आयएसओ १६७३९-१ म्हणून आलं. पुढची दिशा तीच आहे, कारण लँडएक्सएमएलची १.२ आवृत्ती २००८ ची आहे आणि त्यानंतरची अधिकृत आवृत्ती निघालेली नाही. पण आयएफसीमधूनही बदलता येण्याजोगा कॉरिडॉर मिळत नाही. तुमच्या कामाला आज लँडएक्सएमएल १.२ पुरेसं आहे. पुलाचं मॉडेल द्यायची वेळ आली की आयएफसी मागा.

मुख्य सल्लागार एमएक्सरोड हे जुनं रस्ता-डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरत असते तर वेगळं सांगावं लागलं असतं. तिथे सगळं स्ट्रिंगवर, म्हणजे नाव दिलेल्या रेषांवर, चालतं, प्रत्येक स्ट्रिंगला चार अक्षरी नाव असतं आणि देवाणघेवाण जेनिओ फाइलने होते. कुणाकडे जुनं एमएक्सचं काम असेल तर वेगळा प्रश्न टाका, मी लिहीन.

तुम्ही आता एवढं करा. पूर्ण बारा किलोमीटर पुन्हा पाठवू नका. ज्यात एक वळण, एक मोरी आणि थोडा उंच भराव आहे असा एकच किलोमीटर निवडा. त्याची लँडएक्सएमएल फाइल आणि सोबत एका पानाचा तक्ता द्या. तक्त्यात कोऑर्डिनेट सिस्टिम आणि फॅक्टर, तीन कंट्रोल पॉइंट, वळणाचे चार बिंदू, दर शंभर मीटरला जमिनीची आणि फॉर्मेशनची पातळी, सरफेसचे आकडे आणि तुमच्या पद्धतीने काढलेला भराव हे सगळं असू द्या. त्यांनी आपले आकडे समोरच्या रकान्यात भरून परत पाठवावेत. मग त्यांच्याकडून त्याच किलोमीटरची लँडएक्सएमएल मागवून तुमच्या कोऱ्या ड्रॉइंगमध्ये उघडा आणि मूळ डिझाइनवर ठेवा. कुठे काय गळतंय ते त्या एका किलोमीटरमध्येच दिसेल. दर किलोमीटरचा फरक मोजलात की तो इथे टाका. ४५ सेंटिमीटरच्या आसपास आला नाही तर आपण दुसरं कारण शोधू.