पहिली नोकरी : ऐरोली की हिंजवडी?

प्रश्न : मी लातूरची. इंजिनिअरिंग झालं. हिंजवडीत हातात ३२,००० रुपये मिळतील, ऐरोलीत ३६,०००. कुठे राहणं परवडेल?

उत्तर : चार हजारांचा फरक भाड्यातच जिरू शकतो, म्हणून आधी घर ठरवा. भाडं, वीज, मेस, प्रवास मिळून पगाराच्या निम्म्यावर जात असेल, तर तिथे मैत्रिणीबरोबर खोली घ्यावीच लागेल. सुरुवातीला डिपॉझिट, दलाली आणि पहिलं भाडं एकदम द्यावं लागतं. पगार मात्र महिनाअखेरीस येतो. तेवढी रक्कम हाताशी हवीच.

ऐरोलीसाठी कोपरखैरणे किंवा घणसोली बघा. ठाणे-वाशी मार्गावर थेट लोकल मिळते. डोंबिवलीत राहिलात, तर ठाण्याला गाडी बदलावी लागते आणि सकाळच्या गर्दीत तीच बदली माणसाला थकवते. हिंजवडीची अडचण रस्त्याची: वाकड नकाशावर जवळ दिसतं, पण सकाळी पुलापाशी वाहनं तुंबतात. हिंजवडी निवडलीत, तर पहिल्या वर्षी ऑफिसपासून चालत जाता येईल असंच घर शोधा. तिथे घरमालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा : उन्हाळ्यात टँकर येतो का, पैसे कोण देतं?

शक्य असेल तर मंगळवारी सकाळी नऊला दोन्ही प्रवास करून बघा. रविवारी बघितलेलं घर फसवतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार असला, तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नको म्हणणाऱ्याकडे डिपॉझिट ठेवू नका. तुमच्या आकड्यांत, कोपरखैरण्यात दोघींत खोली मिळाली तर आम्ही ऐरोलीच सुचवू.