दुबईला निघालोय, गाडीचं काय करू?

प्रश्न: काका नमस्कार, मी गुहागरचा. दुबईत स्टोअरकीपरची नोकरी लागलीय, ऑफर लेटर आलंय. घरी स्विफ्ट आहे. एक मित्र म्हणतो गाडी जहाजाने ने, दुसरा म्हणतो आरटीओतून इंटरनॅशनल परवाना काढ की झालं. आणि गणपतीला येऊन शिमगा करूनच परत गेलो तर व्हिसाला काही होतं का?

उत्तर: अरे, पहिल्या मित्राचं अजिबात ऐकू नकोस. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे, आणि आपल्यासारखी उजव्या स्टिअरिंगची गाडी तिकडे रजिस्टरच होत नाही, मग भाडं भरून नेऊन करणार काय?

दुसरा मित्र अर्धं खरं सांगतोय. रत्नागिरी आरटीओत 1000 रुपये फी भरून तो परवाना मिळतो, वर्षभर चालतो, पण तो पाहुण्यांसाठी. उद्या बायको व्हिजिट व्हिसावर आली तर ती स्वतःच्या तशा परवान्यावर भाड्याची गाडी चालवू शकते, तुझा रेसिडेन्स व्हिसा लागला की तुला मात्र तिकडचंच लायसन लागणार. इंग्लंड-अमेरिकेचं लायसन बदलून देतात, आपलं सध्या देत नाहीत, ड्रायव्हिंग स्कूल, थिअरी, पार्किंग, रोड टेस्ट सगळं सहसा करावं लागतं. घाटात कितीही वर्षं गाडी मारली असशील तरी परीक्षा द्यावीच लागेल. तोवर आपल्याच लायसनवर चालवलीस आणि कुणाला ठोकलीस तर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

आता शिमग्याचं. साधा रेसिडेन्स व्हिसा असेल तर सलग 180 दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की तो जातो. आणि भाद्रपदातल्या चतुर्थीपासून फाल्गुन पौर्णिमा मोज, साधारण 188 दिवस होतात, अधिक महिना मध्ये आला तर आणखी, वर आपल्या पालख्या पौर्णिमेनंतरही फिरतच असतात! म्हणजे नेमकं आठवडाभराने घोळ. परत यायची परवानगी नंतर मागता येते म्हणा, पण कारण दाखवा, दंड भरा, ते कशाला. एवढी सुट्टी कंपनी देईल का हा तर वेगळाच प्रश्न. दोन्हीतला एक सण निवड, चाकरमान्यांचं तेच असतं.

एजंट म्हणाला की आधी व्हिजिटवर जा, कामाला लाग, व्हिसा मागाहून होईल, तर सरळ नाही म्हण, व्हिजिटवर काम करणं तिकडे गुन्हा आहे. दहावी झालेली नसेल आणि पासपोर्टवर ईसीआर (नोकरीसाठी देश सोडण्याआधी तपासणी लागते असा शेरा) असेल तर आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्सही लागेल.

गाडी भाऊ वापरणार असेल तर निघायच्या आधीच फॉर्म 29, 30 वर सह्या करून नावावर करून टाक, आणि 14 दिवसांत इन्शुरन्सही त्याच्या नावावर करायला सांग. आपलं लायसन वर्षभरात संपणार असेल तर तेही आत्ताच रिन्यू कर, मुदतीआधी एक वर्ष करता येतं.