अंगावर पाजू की डब्याचं देऊ?

प्रश्न : ताई, मला सातवा महिना चालूय. तपासणीत एचआयव्ही निघाला, तेव्हापासून रोज गोळी घेते. सासूबाई म्हणतात तुझं दूध पाजूच नको, डब्याचं आणू. जाऊबाई म्हणतात दोन्ही थोडं थोडं दे. बाळ भर मे महिन्यात होईल, वरून पाणी तरी द्यावं लागेल ना? – एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : अगं, रोज गोळी घेतेस ना, मग अंगावरच पाज. पहिले सहा महिने फक्त तुझं दूध, पाणी नाही, घुटी नाही, मधाचं बोट पण नाही. उन्हाळ्याची काळजी करू नको, आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असतं, बाळ मागेल तितक्या वेळा पाजायचं बस. जाऊबाई मायेनेच सांगतायत पण "दोन्ही थोडं थोडं" हेच सगळ्यात वाईट. वरच्या दुधापाण्याने आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. गोळ्या सगळ्यांना मिळत नव्हत्या तेव्हा, १९९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासात हेच दिसलं, नुसतं अंगावर पिणाऱ्यांपेक्षा दोन्ही पिणाऱ्या बाळांना लागण जास्त.

आणि डब्याचं म्हणशील तर मी एका घरात बघितलेलं सांगते, नळ चार दिवसाआड, बाटलीच्या बुचात कालचं दूध दह्यासारखं चिकटलेलं, आणि डबा महिनाभर पुरावा म्हणून पावडर एक माप कमी. बाळ जुलाबाने पार सुकलेलं. बोट्सवानात २००६ साली पुरानंतर जुलाबाची साथ आली त्यात अंगावर न पिणारी बाळंच जास्त दगावली.

काहीच औषध नसेल तर गरोदरपण, बाळंतपण, पाजणं सगळं धरून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, औषध नीट चालू असेल तर पाचाच्या खाली. धोका अगदी शून्य होत नाही, म्हणून गोळी एकही दिवस चुकवू नको, माहेरी बाळंतपणाला जाशील तेव्हा गोळ्या पुरेशा बरोबर ने. आठव्या महिन्यात एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) करून घे. बाळाला जन्मल्यावर लगेच लागण टाळायचं नेव्हिरापिन नावाचं औषध सुरू होतं, निदान सहा आठवडे. स्तनाग्राला चीर पडली, रक्त आलं तर त्या बाजूचं दूध पिळून टाकून दे, दुसऱ्या बाजूने पाज आणि लगेच दाखव.

सहा महिन्यांनंतर वरण-भात, कुस्करलेलं केळं सुरू कर, तेव्हा अंगावरचं चालूच ठेवायचं, वर्षभर तरी. तोडताना एकदम तोडू नको, महिनाभर हळूहळू.

सहा आठवड्यांच्या लसीला नेशील तेव्हाच बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, ती तपासणी सांगून करून घे. पक्का रिपोर्ट १८ महिन्यांना. आणि पुढच्या वेळी सेंटरवर सासूबाईंनाच बरोबर घेऊन जा, समुपदेशक ताईंच्या तोंडून ऐकतील.