वाचकांचे प्रश्न : स्वीप पिकिंगमध्ये सूर एकमेकांत का मिसळतात?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि इलेक्ट्रिक गिटार स्वतःच शिकत आहे. वीज बहुधा रात्री उशिरा येत असल्यामुळे माझा सराव अँप्लिफायरविनाच होतो. तेव्हा स्वीप पिकिंग (पिक एकाच सलग हालचालीत लागोपाठच्या तारांवरून सरकवणे) बरे वाटते. मात्र अँप्लिफायरवर डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) लावताच सगळे सूर एकत्र गोंगाट करतात. असे का होते?

उत्तर : दोष बहुधा उजव्या हाताच्या वेगात नसून डाव्या हाताच्या बोटांत आहे. सूर वाजताच त्या बोटाचा दाब सैल करावा, परंतु बोट तारेवरून उचलू नये. अन्यथा आधीची तार वाजत राहते आणि आपला अर्पेजिओ (एकामागून एक वाजवलेले सूर) कॉर्डसारखा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांसारखा, ऐकू येतो. जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने दाबून ठेवाव्यात.

सरावासाठी ए मायनरचा तीन तारांचा आकार घ्यावा : तिसऱ्या तारेवर ९वा, दुसरीवर १०वा आणि पहिलीवर (सर्वांत बारीक तार) ८वा फ्रेट (मानेवरील धातूच्या पट्ट्यांनी पडलेला घर). पिक एकाच सलग हालचालीत खाली सरकावा, जणू प्रत्येक तारेवरून निसटून तो पुढच्या तारेवर टेकतो आहे. त्यानंतर पहिल्याच तारेवर करंगळीने १२व्या फ्रेटवर हॅमर-ऑन (पिक न वापरता बोट आपटून सूर काढणे), ८व्यावर पुल-ऑफ (बोट ओढून काढत खालचा सूर वाजवणे) आणि वर येताना दुसऱ्या तारेवर अप-स्ट्रोक (पिकचा वरच्या दिशेचा आघात). या सहा सुरांसाठी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला दोनच सूर वाजवावेत. खरे तर परतीचा प्रवासच अधिक अवघड असतो, म्हणून तो स्वतंत्रपणे घोटावा.

वीज नसताना बोटांची हालचाल जरूर बसवावी. सुरांची स्वच्छता मात्र, थोडा वेळ का होईना, डिस्टॉर्शन लावूनच तपासावी.