आरशाच्या चौकटीसाठी हाताने सिरॅमिक टाइल्स घरी बनवता येतात का? घरच्या ओव्हनमध्ये भाजल्या तर चालतील का, खर्च किती येईल?

ओव्हनचं आधी संपवते. नाही चालत. घरचा ओव्हन फार तर २५० डिग्रीपर्यंत जातो, आणि मातीत मुरलेलं, तिच्याशी बांधलं गेलेलं जे पाणी असतं ते साधारण ५००-६०० डिग्रीला सुटतं, तेव्हा कुठे माती परत पाण्यात विरघळायची थांबते. त्याआधी थांबलात तर ती नुसती वाळलेली माती, ओल्या फडक्याने पुसली की हाताला चिखल. आणि ती न भाजता नुसती हवेत वाळणारी एअर-ड्राय क्ले म्हणजे सिरॅमिक नव्हे, विकणारे काहीही लिहोत. त्यामुळे भट्टी लागणारच. स्वतःची घ्यायची गरज नाही, पुण्या-मुंबईत आणि आता बऱ्याच शहरांत पॉटरी स्टुडिओ आहेत, त्यातले काही बाहेरच्यांचं काम पैसे घेऊन भाजून देतात.

पण मी रात्री साडेअकराला लिहायला बसले ते ओव्हनसाठी नाही. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, की "चौकट सुताराकडून करून घेतली आहे, आता तिच्यात बरोबर बसतील अशा टाइल्स करायच्या आहेत", ते वाचलं आणि राहवेना. अहो, मी अगदी हेच केलं होतं २०१८ मध्ये.

आमच्या आईच्या लग्नात तिला लोखंडी कपाट मिळालं होतं, दाराला उभा आरसा असलेलं, तेव्हा घरोघरी असायचं तसं. आई २०१५ मध्ये गेली. नंतर ते कपाट खालून गंजून गंजून पार कामातून गेलं आणि भावाने भंगारात द्यायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, आरसा मला काढून दे. ४० बाय १०० सेंटिमीटरची काच. कडेने पारा उडालाय, काळे डाग आहेत, पण उजव्या कडेला तिच्या टिकल्या आहेत. रात्री तोंड धुताना टिकली काढून आरशावर चिकटवायची तिची सवय, तशा तीन राहिल्या होत्या, दोन मरून रंगाच्या आणि एक साधी काळी. त्या मी कधी पुसल्या नाहीत आणि पुसू दिल्या नाहीत.

मी तेव्हा दोन वर्षं पॉटरी शिकत होते, तर ठरवलं की याला टाइल्सची चौकट करायची. ओल्या मातीवर आईचे रांगोळीचे छाप दाबायचे, कडा तिच्या करंजीच्या कातण्याने कापायच्या, वर मोरपंखी ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. एका रांगेत १० सेंटिमीटरच्या टाइल्स धरल्या तर उभ्या बाजूला १२, आडव्याला ६, कोपरे दोनदा न मोजता एकूण ३२.

माझा आतेभाऊ फर्निचरचं काम करतो, उत्तम करतो, त्यात वाद नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं चौकट आधी. माप आधी पक्कं कर, मग तू त्या मापाच्या टाइल्स पाड. माझं काम एक सूत इकडचं तिकडे होत नाही." मी म्हटलं, दादा, माती भाजल्यावर आटते, थोडं थांबूया का. तर म्हणाला, आटते ना, मग तेवढी मोठी काप, त्यात काय एवढं. घरात सगळ्यांना त्याचंच पटलं. महिन्याभरात सागवानी चौकट घेऊन आला, टाइल्ससाठी खोबण, आतून-बाहेरून उभ्या पट्ट्या, पॉलिश वगैरे सगळं करून.

आता माती किती आटते ते बघा, कारण इथेच सगळे फसतात. माझ्या स्टोनवेअर (म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या) मातीच्या पिशवीवर १२ टक्के लिहिलं होतं. एक सुताची, म्हणजे ३ मिलिमीटरची फट सोडून मला भाजलेली टाइल ९.७ सेंटिमीटरची हवी होती. लोक काय करतात, ९.७ मध्ये १२ टक्के मिळवतात, १०.८६ येतात आणि तेवढी कापतात. चूक. १२ टक्के हे ओल्या मापातून वजा होतात, त्यामुळे ०.८८ ने भागायचं, म्हणजे ११.०२. त्या चुकीच्या पद्धतीने टाइल ९.५६ ची होते, दीड मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो पण १२ टाइल्सच्या रांगेत तो पावणेदोन सेंटिमीटर होतो. हा हिशोब मी बरोबर केला होता. ११ चीच कापली होती. हे मी मुद्दाम लिहितेय कारण दादा अजून प्रत्येक लग्नामुंजीत सांगतो की हिला माती आटते हेच माहीत नव्हतं.

झालं असं की पिशवीवरचा आकडा त्या पिशवीतल्या ताज्या मातीचा असतो. मी अर्धी माती कातरण आणि जुने तुकडे भिजवून परत मळलेली वापरली, ती जास्त ओली होती, आणि जितकं पाणी जास्त तितकी माती जास्त आटते. भट्टीतून टाइल्स आल्या त्या ९.४ च्या. साडेचौदा टक्के. म्हणजे प्रत्येक टाइलला एक सूत कमी, उभ्या रांगेत साडेतीन सेंटिमीटर रिकामे. वर ३६ पैकी ९ टाइल्सचे कोपरे उचललेले, म्हणजे हातात २७ आणि लागणार ३२.

तुम्ही म्हणाल फटी वाढवून बसवायच्या. बसवून बघितल्या की. पण दोन्ही बाजूंना त्याच्या रंध्याने मारलेल्या सरळसोट पट्ट्या, आणि हाताची टाइल कधीच तितकी सरळ नसते, तर त्या पट्टीशेजारी प्रत्येक वाकडी कड चौपट दिसायला लागली. ज्या गोष्टीसाठी हाताने टाइल करायची तीच तिथे चूक दिसत होती. आणि खरं सांगू का, मला तेही चाललं असतं. पण काच चौकटीत बसवली तेव्हा लक्षात आलं की आतली पट्टी काचेवर चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर चढलीये. टिकल्या तिच्याखाली गेल्या, तिन्ही. मी दादाला म्हटलं, तर म्हणाला, "काच धरायला एवढं घ्यावंच लागतं, आणि डाग झाकले गेले ते बरंच झालं." डाग म्हणाला तो.

म्हणून सांगते, टाइल्स आधी, चौकट नंतर. भाजून, ग्लेझ होऊन, थंड होऊन टाइल्स हातात आल्या की काच जमिनीवर कागदावर आडवी ठेवायची, तिच्या भोवती टाइल्स मांडायच्या, फटी सारख्या करायच्या आणि मग बाहेरून माप घेऊन प्लाय कापायचा. दुसऱ्या वेळी मी असंच केलं, २०१९ मध्ये. सगळी ताजी माती, आधी चाचणीची पट्टी भाजून घेतली, ती साडेबारा टक्के आटली, ११ ची कापली आणि टाइल्स ९.६ च्या आसपास आल्या, काही ९.५, काही ९.७. फट एक सुताऐवजी सव्वा सूत ठेवली, संपला विषय. खाली १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, एकही उभी पट्टी नाही, मधे काच, तिच्या कडेने टाइल्स, काच आणि टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा. काच पूर्ण उघडी. टिकल्या जिथे होत्या तिथे.

टाइल वाकते का, तर बहुतेक वेळा आपणच ती वाकवलेली असते. लाटताना दोन बाजूंना ८ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा, खाली मांजरपाट. पोळीसारखी एकाच बाजूने लाटत बसू नका, उलटवा, फिरवा, दोन्ही बाजूंनी दाब बसला पाहिजे. आणि हाताने उचलू नका, फळीवर घेऊन उलटवा, कारण माती एकदा वाकली की सपाट केली तरी वाळताना आणि भाजताना परत त्याच बाजूला वाकते. मी पहिल्या वेळी कोपऱ्याला धरून उचलत होते. कापायचं लगेच नाही, माती चामड्यासारखी घट्ट झाली की मग. छाप मात्र त्याआधी, मऊ असताना. कापून झाल्या की दोन जिप्सम बोर्डांच्या मधे ठेवा, फॉल्स सीलिंगवाल्याकडे तुकडे मिळतात, बोर्ड दोन्हीकडून सारखं पाणी ओढतो. उघड्यावर ठेवलीत तर कोपरे आधी वाळतात आणि वर येतात. पुण्यात हिवाळ्यात मला आठ-दहा दिवस लागतात, पावसाळ्यात तीन आठवडे धरा, घाई केलीत आणि आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन फुटते.

पहिली भाजणी साधारण १००० डिग्री, मग ग्लेझ, मग माझ्या मातीला १२२० च्या आसपास. खालच्या बाजूला ग्लेझ लावायचं नाही, भट्टीतल्या शेल्फला चिकटते. भट्टीवाल्याला टाइलखाली थोडी अ‍ॅल्युमिना पावडर किंवा भाजलेल्या मातीचा रवा भुरभुरायला सांगा, टाइल आटताना शेल्फवर सरकायला हवी, अडकली तर तिथूनच ताणली जाते. आणि दीडपट करा. ३२ हव्या असतील तर ४८. त्याला १२ किलो माती पुरते.

खर्चात माती सगळ्यात स्वस्त. पैसे जातात ते भाजणीला, कारण टाइल आडवी ठेवावी लागते आणि ती शेल्फ खाते. पहिल्या भाजणीला एकावर एक दोन-तीन ठेवता येतात, ग्लेझच्या वेळी अजिबात नाही. काही स्टुडिओ वजनावर पैसे घेतात, काही शेल्फवर. टाइलला वजनाचा हिशोबच परवडतो, आधी तेच विचारा. माझ्याकडे दोनदा करायचा खर्च झाला आणि त्यातला एक माझ्या मते व्हायला नको होता.

चिकटवायला फेविकॉल नको. प्लायला प्रायमर मारून पॉलिमरवाला टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरा. काचेला न्यूट्रल सिलिकॉनच मागून घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आरशाच्या मागचा पारा खातं, माझ्यासारखी जुनी काच असेल तर नक्कीच. वर खाली स्टीलच्या क्लिपा हव्यातच, सिलिकॉनच्या भरवशावर काच सोडू नका. माझा आरसा सगळा मिळून १६ किलोच्या आसपास भरलाय, ४ मिलिमीटरची काच चार किलो, टाइल्स साडेचार, बाकी प्लाय आणि चिकटवायचा मसाला. एका खिळ्यावर टांगायची वस्तू नाही ही, भिंतीत चार ठिकाणी प्लग मारून स्क्रूने बसवा.

एक राहिलं. तुम्ही आयत्या टाइल्स आणून त्यावर रंगवणार असाल तर वरचं सगळं सोडा, तिथे चौकट आधी केली तरी काही बिघडत नाही, टाइलचं माप पक्कं असतं आणि ती आटून झालेली असते. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत त्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजोंची, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सची, भिंत बघितलीत तर कळेल, तिथे सगळी कमाल चित्रात आहे, टाइल सपाट आणि एकसारखी असलीच पाहिजे. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे आणि मी त्याला तसं म्हटलंही आहे. पण ते टाइलवर केलेलं काम झालं, टाइल करणं नाही झालं, आणि तुम्ही विचारलंय ते टाइल करण्याचं.

त्याची ती सागवानी चौकट माझ्याकडे माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलीये. लाकूड फार सुंदर आहे, टाकवत नाही. तो घरी आला की नव्या आरशासमोर उभा राहतो, फटींवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "पट्टी असती तर फिनिशिंग आलं असतं." मी टिकल्यांकडे बोट दाखवते.

तुमची चौकट तर झालेलीच आहे, तेव्हा आता एवढं करा. जी माती वापरणार तिचीच, तितक्याच जाडीची एक पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ सुईने ओढा, आणि ज्या भट्टीत टाइल्स जाणार त्याच भट्टीत दोन्ही भाजण्या होऊन येऊ द्या. मग ती रेघ मोजा. ते माप, खोबणीची रुंदी आणि काचेची लांबी-रुंदी इथे टाका, किती सेंटिमीटरची कापायची ते मी काढून देते. आणि आतल्या पट्ट्या नुसत्या खिळ्यांनी मारल्या असतील, फेविकॉल लावलं नसेल, तर सुताराला सांगून आत्ताच काढून घ्या.