पहिली रेल वीतभरच उंच ठेव

भाऊ, गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जायच्या आधी घरच्या अंगणात रेल, म्हणजे बोर्डवरून घसरत जायचा लोखंडी दांडा, बनवतोस ना, बनव की! इंदुरात बर्फ नाही म्हणून अडत नाही, स्केटबोर्डवर तोल तरी बसतो. फक्त गुडघ्याएवढी उंच करू नकोस. मी केली होती, आठवडाभर लंगडत पोहे आणायला जायचो.

लोहामंडीतून दोन इंची चौकोनी पाइप घे, सहा-सात फूट पुरे. गोल पाइपचं नंतर बघू.

खरी मेख रेलच्या पायांत आहे. दोन्ही टोकांना खाली दीड-दीड फुटाच्या आडव्या पट्ट्या लावून घे, नाहीतर रेल तुझ्यासकट कलंडेल. वेल्डिंगच्या गाठी ग्राइंडरने घासायला लाव, मग स्वतः नख फिरवून बघ. नख अडकलं तर बोर्डही अडकणार. वेल्डर ‘चलेगा’ म्हणेल, ऐकू नकोस. वरच्या बाजूला रंग नको, मेणबत्ती घास.

सुरुवातीला:
- हेल्मेट आधी, बोर्ड नंतर.
- गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नाही, रेलच्या शेवटाकडे.
- बर्फावर रेलवर चढलास की बोर्ड सपाटच. बोर्डची कड टेकवून ब्रेक मारायला गेलास की आपटलास.

उड्या-गिरक्यांचं सध्या विचारूच नकोस.